लाडाचा प्रत्यय

लक्ष्मीकांत सरांचं सगळं आयुष्य जळगाव जामोदच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलं, तरी गावात त्यांची ओळख राहिली ती 'परांतोवाले सर' म्हणून. मूळ शब्द एस्पेरांतो. तो कोणाला धड म्हणता येत नसे, आणि सरांनीही लोकांना दुरुस्त करणं कधीचं सोडून दिलं होतं.

एस्पेरांतो ही कोण्या देशाची भाषा नव्हे. शंभरावर वर्षांपूर्वी पोलंडमधल्या डोळ्यांच्या एका डॉक्टरनं ती बसून तयार केली, जगातल्या कोणत्याही दोन माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. सर अकोल्याला कॉलेजात होते तेव्हा त्यांना रद्दीच्या दुकानात तिचं पुस्तक सापडलं. गणिताच्या माणसाला आवडावी अशीच ती होती. अपवाद नाहीत. एक नियम शिकला की तो सगळीकडे चालतो. क्रियापदाला लिंग नाही. आणि गंमत म्हणजे 'मी'ला त्या भाषेतही 'मी'च म्हणतात. 'मी वेनिस' म्हणजे 'मी आलो'. बाईनं म्हटलं तरी 'मी वेनिस'च.

त्यांची बायको सुहासिनी अमडापूरची. तिला या भाषेत काडीचा रस नव्हता. पण पोरं झाली आणि सरांनी त्या भाषेतली एक गोष्ट घरात आणलीच. लाडाची नावं.

त्याची रीत सोपी होती. माणसाच्या नावाचं सुरुवातीचं अक्षर घ्यायचं, फार तर दोन, बाकीचं टाकून द्यायचं आणि पुढे प्रत्यय जोडायचा. पुरुष असेल तर 'च्यो', बाई असेल तर 'न्यो'. नाव नेमकं कुठं तोडायचं याला मात्र नियम नाही. लाड करणाऱ्याची मर्जी. "आपल्याकडे राम्या म्हटलं की तो लाडही असतो आणि शिवीही असते," सर सांगायचे. "ह्या प्रत्ययात शिवी नाही. नुसता लाड."

त्याप्रमाणे मोठी मुलगी निवेदिता झाली निन्यो. तिच्यामागचा विहंग झाला विच्यो. त्या भाषेत वडील म्हणजे 'पात्रो' आणि आई 'पात्रिनो', म्हणून वडिलांना म्हणायचं पाच्यो, आईला पान्यो. लहानपणी दोघं अंगणात "पान्यो, पान्यो" ओरडायची तेव्हा शेजारच्या कौशल्याबाई पाण्याचा पेला घेऊन यायच्या, लेकरं तहानली म्हणून. सरांनी सुहासिनीलाही एकदा सुन्यो म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "चारचौघांत शून्य म्हणू नका मला." ते तिथंच राहिलं.

निवेदिता त्या नावापलीकडे गेली नाही. विहंग मात्र गेला. शाळेत जायच्या आधीपासून तो बापाशी त्या भाषेत बडबडायचा. आता या गोष्टीत विहंगला 'ती' म्हणायला हवं, पण तेव्हा घरात तो 'तो' होता, म्हणून इथंही काही वेळ तसंच चालू द्यावं लागेल. आठवीत असताना त्यानं एकदा विचारलं होतं, "पाच्यो, च्यो आणि न्यो सोडून तिसरा प्रत्यय नाही का?"

"नाही," सर म्हणाले. "पुस्तकात दोनच आहेत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत विहंगनं एस्पेरांतो बोलणं बंद केलं. वय आहे, सरांनी मनाची समजूत घातली. पोरगं अबोल होत गेलं, पुण्याला इंजिनिअरिंगला गेलं, तिथंच नोकरीला लागलं.

आणि मग दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी विहंगचा फोन आला आणि तो थेट एस्पेरांतोत बोलू लागला. अडखळत, चुकत, पण सगळं बोलणं त्याच भाषेत. सरांनी मराठीत काही विचारलं तर उत्तर एस्पेरांतोत. "सराव ठेवायचा आहे," एवढंच त्यानं कारण दिलं. सरांनी ट्रंकेतला शब्दकोश काढून पुसला. तेव्हापासून दर रविवारी बापलेकांचं बोलणं चालायचं. पुण्यातली ट्रॅफिक, ऑफिसातला कुरकुऱ्या साहेब, खिडकीत घरटं करणारे पारवे, सगळं त्या भाषेत. सर खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसायचे. शाळेतले जुने सहकारी भेटले की सांगायचे, "पोरगा परत वळला बरं का भाषेकडे."

सुहासिनी तिथंच बसून तांदूळ निवडत असायची. शेवटी फोन तिच्याकडे यायचा.

"जेवलास का?"

"झालं जेवण."

"येतोस कधी?"

"सुट्टीचं बघून सांगू."

एवढंच. दोन दिवाळ्या गेल्या, विहंग घरी आला नाही. कौशल्याबाईंनी दारातून विचारलं, "काऊन हो सर, पोरगं दिवाळीलेही नाही आलं?" सर म्हणाले, "काम लई असतं त्याला."

माघातल्या एका रविवारी सकाळीच विहंगचा मेसेज आला. सर ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. मेसेज एस्पेरांतोत होता, एकाच ओळीचा. पाच्यो, यापुढे मला विन्यो म्हणाल का?

सरांना हसू आलं. 'च' लिहायला त्या भाषेत डोक्यावर टोपी असलेलं एक अक्षर लागतं, ते सगळ्या फोनांवर नीट उमटत नाही. घाईत काहीतरी दाबलं गेलं असणार. त्यांनी लगेच उत्तर लिहिलं. "विच्यो. न्यो स्त्रीलिंगी. एवढा सोपा नियम!" पुढे हसरा चेहराही टाकला.

मेसेज वाचला गेल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला मात्र वेळ लागला.

"मी स्त्सीआस, पाच्यो."

म्हणजे, मला माहीत आहे.

सरांनी फोन पालथा ठेवला आणि पेपर उचलला. बाजारभावाचं पान त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं, कापूस, तूर, हरभरा. मग फोन सुलटा करून ती ओळ परत वाचली. दुपारी नेहमीच्या वेळी फोन आला नाही. त्यांनीही लावला नाही. आठवीतल्या त्या प्रश्नाची आठवण त्यांना संध्याकाळी झाली, हातपाय धुताना, आणि तांब्या हातात घेऊन ते मोरीत तसेच उभे राहिले.

पुढचे काही दिवस ते उत्तर लिहायचे आणि पुसायचे. काय लिहावं ते कळत नव्हतं असं नाही. जे लिहायचं ते लिहिलं की परत घेता येणार नाही, याची भीती होती. मनात रागही होता. दोन वर्षांचे ते रविवार, ते हसणं, ती भाषेची ओढ, सगळी बतावणी होती का? सुहासिनीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. जेवताना ती म्हणायची, "काऊन जेवून नाही राहिले?" ते म्हणायचे, "पोट जड आहे."

शेवटी अकोल्याहून निवेदिताचा फोन आला, तो सुहासिनीला. निवेदिता तिथं एका कॉलेजात शिकवत होती, सहसा दुपारी फोन करत नसे.

"आई, विहंगचा फोन परवापासून बंद येतोय. ऑफिसातही गेलेला नाही. बाबांशी काही झालं का?"

सुहासिनी फोन घेऊन तशीच सरांसमोर येऊन उभी राहिली. "काय झालं तुमचं आणि विहंगचं?"

सरांनी चष्मा पुसला. मग स्वतःचा फोन काढून तिच्यापुढे धरला. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती.

"मराठीत सांगा."

त्यांनी सांगितलं. तिला कळलं नाही. "विन्यो म्हणजे?"

"निवेदिताला आपण निन्यो म्हणतो ना. तसं."

सुहासिनी पलंगाच्या कडेवर बसली. मग फोनवरच्या निवेदिताला म्हणाली, "तुले माहीत होतं?"

"थोडं," निवेदिता म्हणाली. "मागच्या वर्षी सांगितलं होतं तिनं. तुम्हाला मीच सांगते म्हणाली होती, म्हणून मी बोलले नाही. आई, ते नंतर बोलू. आधी तिचा पत्ता लागू दे."

"तिचा," सुहासिनी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

चिडली की तिची भाषा अमडापूरची व्हायची. "दोन वर्षं तुम्ही फोनवर हसत होते. मी म्हटलं जाऊ दे, बापलेकाचं जमून राह्यलं. अन् ते लेकरू तुमच्या त्या भाषेत लपून बसलं होतं. मराठीत बोललं असतं तर मले तवाच कळलं असतं. मले तो कधी 'जेवलो' म्हणे नाही. 'झालं जेवण' म्हणे. 'येतो' म्हणे नाही. मले वाटे, माझ्यावर राग आहे त्याचा. दोन वर्षं मी विचार करून राह्यली, माझं काय चुकलं म्हणून."

"मला तरी कुठं माहीत होतं?"

"तुम्हाले नियम माहीत होता. पोरानं जीव मुठीत घेऊन एक गोष्ट मागितली, तुम्ही व्याकरण शिकवलं त्याले."

पण सुहासिनीही काही मोकळ्या मनानं स्वीकारत होती असं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, हे सगळं पुण्याचं खूळ आहे, चांगल्या डॉक्टरला दाखवू, एकदा लग्न झालं की जाईल. आणि मग, आपण काय बोललो ते ऐकून तिला स्वतःलाच रडू आलं.

ते दोन दिवस फार वाईट गेले. सर दर तासाला फोन लावून पाहायचे आणि तो बंदच असायचा. पुण्याची तिकिटं काढायची असं ठरलं, तेवढ्यात निवेदिताचा फोन आला. पत्ता लागला होता. विहंग मैत्रिणीकडे होती, बरी होती, फोन मुद्दामच बंद ठेवला होता. "भेटायला तयार आहे," निवेदिता म्हणाली. "जळगावला नाही येणार म्हणते. शेगावला येईन म्हणते."

शेगाव का, हे कोणाला विचारावं लागलं नाही. गजानन महाराजांच्या दर्शनाला तिथं रोज कुठून कुठून माणसं येतात, लॉजमध्ये उतरतात, निघून जातात. कोण कोणाचं, कोणी पाहत नाही.

सर आणि सुहासिनी सकाळच्या एसटीनं निघाले. सुहासिनीनं दशम्या केल्या होत्या, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं. डबा मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर पाहत होती. सर ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. तिनं विचारलं नाही.

लॉज स्टेशनजवळच होतं. काउंटरवरच्या माणसानं आधार कार्ड मागितलं आणि विचारलं, "खोलीत किती जण?"

"तिघं," सर म्हणाले.

तासाभरानं दारावर टकटक झाली. सुहासिनी उठली नाही, म्हणून सरांनी दार उघडलं. समोर विहंग उभी होती. अंगात निळा कुर्ता, खांद्यापर्यंत आलेले केस मागे बांधलेले, कानात छोटे खडे. चेहरा तोच. सुहासिनीची नजर आधी पायांकडे गेली, तिथल्या चपलांकडे, आणि मग हळूहळू वर आली.

सर सगळ्या वाटेत जे घोकत होते ते म्हणाले. "वेनु, विन्यो." ये, विन्यो.

विहंगनं त्यांचा हात धरला आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. सरांचेही डोळे भरले. त्यांना वाटलं, झालं, अवघड ते पार पडलं.

"मराठीत म्हणा," पलंगावरून सुहासिनी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"त्या भाषेत तुम्हाला सगळंच सोपं जातं. मराठीत म्हणा काय म्हणायचं ते. मलाही कळू द्या."

सरांनी तोंड उघडलं. तू कधी, असं म्हणून ते थांबले. पुढचं क्रियापद अडलं. 'निघालास' म्हणायचं नव्हतं आणि 'निघालीस' निघेना. शेवटी ते म्हणाले, "प्रवास कसा झाला?"

विहंग हसली. थकलेलं हसू होतं ते. "बाबा, हे मला ओळखू येतं. दोन वर्षं मी असंच बोलत होते."

'होते' हा शब्द खोलीत तसाच राहिला. तो सुहासिनीनं ऐकला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती उठली, डबा उघडला, कागदावर दशम्या मांडू लागली. "उपाशी आलं असेल माझं लेकरू," ती डब्याकडे पाहतच म्हणाली. "काही खाल्लं की नाही त्यानं वाटेत?"

"आई, मी लेकरू नाही. सत्तावीस वर्षांची आहे."

सुहासिनीचा हात थांबला. "मग काय म्हणू मी? तूच सांग. मला दोन पोरं झाली. एक मुलगी, एक मुलगा. त्या मुलाचं मी आता काय करू? गेला म्हणू?"

"कोणी गेलं नाही, आई. मी इथं बसले आहे."

"तुला सोपं आहे."

"सोपं नाही," विहंग म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी फोन बंद करून मैत्रिणीकडे का गेले होते माहीत आहे? एकटीला राहायची भीती वाटत होती. स्वतःचीच. बाबांचा तो मेसेज आला, तो हसरा चेहरा... मला वाटलं, आता ह्यापुढे काही सांगायलाच नको."

सर पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. "मला वाटलं होतं, तुला ती भाषा आवडते," ते म्हणाले. इतक्या दिवसांचं मनात होतं ते तेवढंच निघालं.

"आवडते ना. तिच्यात मला खोटं बोलावं लागत नव्हतं. 'मी मान्जिस' म्हटलं की झालं, 'जेवलो'ही नाही आणि 'जेवले'ही नाही. तुमच्याशी तासभर बोललं तरी एकदाही स्वतःला चोरावं लागायचं नाही. फक्त तुम्ही विच्यो म्हणायचे, तेवढं टोचायचं. म्हणून तेवढंच मागितलं."

जेवताना विहंगनं दोन दशम्या खाल्ल्या, तिसरी सुहासिनीनं न विचारता वाढली. हात धुऊन सुहासिनी म्हणाली, "मी दर्शनाला जाऊन येते."

"मी येते सोबत," विहंग उठली.

"नको," सुहासिनी म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

मागे राहिलेली दोघं खिडकीतून खालची वर्दळ पाहत बसली. पेढ्यांची दुकानं, फुलवाले, बॅगा ओढत स्टेशनकडे निघालेली माणसं. सरांना एस्पेरांतोत काहीतरी बोलावंसं वाटलं, पण बायकोचं वाक्य आठवून त्यांनी ते गिळलं. मराठीत त्यांना नोकरीबद्दल विचारता आलं. नोकरी चालू होती. ऑफिसात सांगितलं होतं, काही जण बरे वागत होते, काही जण लिफ्टमधून उतरून जात होते. हार्मोन्सची औषधं चालू होती. "दुखतं का?" सरांनी विचारलं. "कधी कधी," ती म्हणाली.

सुहासिनी लवकर परतली. हातात प्रसाद नव्हता.

"झालं दर्शन?" सरांनी विचारलं.

"नाही. रांगेत उभी होते. मधूनच फिरले." ती पाणी प्यायली. "समोर गेल्यावर मागायचं काय, तेच कळेना. आधीचं पोरगं परत दे म्हणू, की हीच सुखी राहू दे म्हणू."

विहंगची गाडी संध्याकाळी होती. घरी चल, असं कोणी म्हटलं नाही आणि तिनंही तशी अपेक्षा दाखवली नाही. प्लॅटफॉर्मवर सुहासिनीनं उरलेल्या दशम्यांचा डबा तिच्या हातात दिला आणि विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"विहंगच. ते तुम्ही ठेवलं आहे, ते नाही बदलत मी."

"बरं," सुहासिनी म्हणाली.

त्यानंतर रविवारचे फोन बदलले. आता ते सुहासिनीच्या फोनवर येऊ लागले, मराठीत, आणि रविवारची वाटही पाहत नसत. मायलेकींचं बोलणं गोड होतं असं नाही. भांडणंच जास्त. सुहासिनी मध्येच फोन कापायची, दुसऱ्या दिवशी स्वतःच लावायची. बोलता बोलता 'आला' म्हणायची, थांबायची, कधी दुरुस्त करायची, कधी तसंच पुढे जायची. विहंगही तिकडून रडायची, ओरडायची. पण आता ती 'जेवले' म्हणत होती, 'दमले' म्हणत होती, 'कंटाळले' म्हणत होती. दोन वर्षांचं साठलेलं सगळं एकदम आईला सांगत होती.

सर खुर्चीत बसून ऐकायचे. शेवटी फोन त्यांच्याकडे यायचा. विहंग विचारायची, "काय बाबा, बरे आहात ना?" ते म्हणायचे, "हो, बरा आहे." आता पाच्यो क्वचितच म्हणायची ती. तिला त्या भाषेची गरज उरली नव्हती. हे चांगलंच झालं, असं सर स्वतःला सांगायचे, आणि शब्दकोश पुन्हा ट्रंकेत ठेवायला त्यांचा हात धजत नसे.

एक दिवस कौशल्याबाई ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचा भाचा गोविंदा शेगावला दुकानात होता. "सर, त्या दिशी शेगावले स्टेशनवर तुमच्यासंगं कोण पोरगी होती हो? गोविंदा म्हणे, सर अन् काकू तिले गाडीत बसवून राह्यले होते."

"नात्यातली आहे," सर म्हणाले.

सुहासिनी आत स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं. त्या दिवशी ती सरांशी एक शब्द बोलली नाही. तिनं तरी वेगळं काय सांगितलं असतं, असं सरांच्या मनात आलं. पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, कारण ते त्यांनाच पटेना.

उन्हाळा लागला. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. या भागात अखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात. निवेदिता दरवर्षी यायची. सुहासिनी फोनवर विहंगशी बोलत होती, कुरडया कशा झाल्या ते सांगत होती, आणि बोलण्याच्या ओघात म्हणून गेली, "निवेदिता येते आहे अखाजीला. तूही ये."

मग सुहासिनीच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो ते, कारण अखाजीला ये असं तिनं विहंगला उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

"नको, आई," विहंग म्हणाली. फोन स्पीकरवर होता. "कौशल्याकाकू विचारतील. आणि बाबा म्हणतील, नात्यातली आहे."

सरांनी सुहासिनीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिनंच सांगितलं होतं.

"मी रागावले नाही, बाबा," विहंग म्हणाली. "पण नात्यातली म्हणून नाही यायचं मला."

अखाजीला निवेदिता आली, आमरस झाला, घरात माणसं होती तरी घर शांत होतं. दुपारी कौशल्याबाई सांजोऱ्यांची ताटली घेऊन आल्या. निवेदिताच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "आली का लेक माहेरी? बरं झालं, सर. एकच तर लेक तुमची."

सर रसाची वाटी हातात धरून बसले होते. ती त्यांनी खाली ठेवली.

"एक आली," ते म्हणाले. "दुसरी पुण्याला आहे. ती नाही आली."

"दुसरी?"

"विहंग. शेगावला आमच्यासोबत होती ती विहंगच होती. माझी मुलगी आहे ती."

कौशल्याबाईंनी आधी सरांकडे पाहिलं, मग सुहासिनीकडे, मग निवेदिताकडे. कोणीतरी हसेल आणि ही थट्टा होती म्हणेल, अशी त्या वाट पाहत होत्या. कोणी हसलं नाही. त्यांनी ताटली पाटावर ठेवली, पदर सावरला आणि "बरं, येते मी" म्हणून निघून गेल्या.

सरांनी वाटी पुन्हा उचलली. निवेदिता त्यांच्याजवळ येऊन बसली. सुहासिनी दाराकडे पाहत म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत होईल."

"होईल," सर म्हणाले.

झालंच तसं. दुसऱ्या दिवशी भजनाला सुहासिनीच्या शेजारी बसायला कोणी सरकलं नाही. दुधवाल्यानं घंटी न वाजवता पिशवी दाराला अडकवली. कौशल्याबाई ताटली न्यायला आल्या नाहीत. निवेदिता अकोल्याला परत गेली. मग एका सकाळी सुहासिनीनं स्वतःच पुण्याला फोन लावला, काय झालं ते सांगितलं, आणि फोन सरांच्या हातात दिला.

"बाबा, तुम्ही खरंच तसं म्हणालात?"

"हो."

"मराठीत?"

"कौशल्याबाईंना दुसरी कोणती येते?"

विहंग हसली. "आणि आता?"

"आता कौशल्याबाई येत नाहीत आपल्याकडे. तुझ्या आईच्या शेजारी भजनात कोणी बसत नाही." सरांना खोटा धीर द्यायचा नव्हता. "इथं सोपं नाही, विहंग. पण तू कधी येतेस?"

"बघते," ती म्हणाली. "सुट्टी मिळते का बघते."